शिकागाडी डॉट इन

तेजस्विनी गांगुर्डेनं आधी गाडीवर नाव रंगवून घेतलं आणि मग ते इंटरनेटवर मोकळं आहे का ते पाहिलं. मांडव घालून झाल्यावर नवरी शोधायला निघावं, त्यातलाच प्रकार. पांढऱ्या गाडीच्या दोन्ही दारांवर केशरी अक्षरांत ‘शिकागाडी’ झळकत होतं, खाली ‘फक्त महिलांसाठी’. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या रस्त्यानं ती जायला लागली की बाया मान वळवून वाचायच्या. चार वर्षं ती बायकांना स्कूटर आणि चारचाकी शिकवत होती, पण नाव आत्ता कुठे सुचलं होतं, आणि सुचल्यापासून दुसरं कुठलंच तिला गोड लागेना.

तिचा नवरा समाधान सातपूरला कंपनीत होता. कॉम्प्युटरमधलं त्याला बरं कळायचं. त्यानं ‘शिकागाडी डॉट इन’ टाकून पाहिलं, तर पानावर एकच ओळ आली: या नावाची मुदत संपली आहे.

“कुणाचं तरी होतं, चालू ठेवायचं राहून गेलं,” समाधान म्हणाला. “जुन्या मालकाला अजून तेवीस दिवस आहेत. तेवढ्यात त्यानं परत घेतलं तर त्याचं. नाही घेतलं तर बाजारात सुटणार, मग जो पहिली झडप घालेल त्याचं.”

“मग आपण घालू झडप.”

“तू एकटी नाहीस. अशी नावं टिपायला लोक मशीन लावून बसलेत. एकदा त्यांच्या हातात गेलं की बस त्यांच्या दारात.”

थोडक्यात, नाव हवं असेल तर जुन्या मालकाला गाठायला हवं होतं. त्यानं मुदतीत सोडवून घ्यावं आणि मग तिच्या नावावर करावं. पण निजलेल्याला जागं केलं आणि त्यानं कूस बदलून ‘माझं आहे, देत नाही’ म्हटलं तर? तेजस्विनीनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी उठून निघाली. जुन्या पानाची एक प्रत समाधाननं कुठून तरी शोधून काढली होती. तिच्यावर मेंदी लावलेल्या दाढीचा एक उंच गृहस्थ गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. खाली लिहिलं होतं: अब्बास मोटार ट्रेनिंग स्कूल, देवळाली कॅम्प.

कॅम्पात घर शोधावं लागलं नाही. “उस्ताद ना? त्या गल्लीत, निळं गेट,” पहिल्याच पानवाल्यानं सांगितलं. “मला पण त्यांनीच शिकवलीय.”

अब्बास शेख ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तोफखान्यात ड्रायव्हर म्हणून नोकरी, मग बावीस वर्षं स्वतःचं स्कूल. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं डोळ्यांचा घास घेतला आणि स्कूल बंद झालं. आता त्यांना समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. बाजूचं सगळं गेलं होतं. अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांची जुनी मारुती झाकून ठेवलेली होती.

“क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता तुम्ही,” तेजस्विनी गेटातून आत आल्याबरोबर ते म्हणाले.

“मी?”

“गल्लीत वळताना ऐकलं मी. शिकवणाऱ्यानं असं करू नये.”

तेजस्विनीनं शिकवणारी असल्याचं अजून सांगितलंही नव्हतं. “शिकवायच्या गाडीला शेजारीही एक क्लच असतो, त्याच्या आवाजावरून कळतं,” असं त्यांनीच वर सांगितलं. तिनं मग आडपडदा न ठेवता सगळी हकिगत सांगितली: गाडीवर रंगवलेलं नाव, संपलेली मुदत, उरलेले वीस दिवस. योग्य ते पैसे द्यायची तयारीही दाखवली.

अब्बासचाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुदत संपल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांची मुलगी अदिबा पुण्यात नोकरीला. साइट तिनंच कॉलेजात असताना बनवली होती, ‘शिकागाडी’ हे नावही तिनंच काढलेलं.

“नाव विकायची चीज आहे का, बेटा?” ते म्हणाले. “स्कूल गेलं, डोळे गेले. नाव तरी राहू दे. चहा घेऊन जा.”

चहा घेऊन आल्या त्या सितारा चाची. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळापर्यंत पदर, आणि चहा देताना तेजस्विनीच्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे एकटक बघणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला, नंबर गाडीच्या दारावरून टिपून घेतलेला.

“पोरी, मी सितारा. ते नाव यांचं नाही. माझ्या नावावर शे.” मूळच्या सटाण्याच्या असल्यानं त्यांच्या बोलण्यात ‘आहे’च्या जागी मधूनच अहिराणी ‘शे’ डोकावायचं. “तेव्हा अदिबाच्या अब्बूंकडे साधा फोन होता. म्हणून पोरीनं सगळं माझ्या फोनवर केलं. ओटीपी माझ्याकडे येतो.”

तेजस्विनी उडालीच. “मग चाची, तुम्ही देणार?”

“देईन. पैसे नको. मला गाडी शिकव.”

“बस, एवढंच?”

“एवढंच म्हणू नको,” चाची म्हणाल्या. “आणि त्यांना कळता कामा नये.”

कारणही त्यांनीच सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी, स्कूल काढलं त्याच वर्षी, उस्तादांनी बायकोला शिकवायला घेतलं होतं. मैदानाच्या कडेला गाडी उभी केली आणि म्हणाले, घाल पहिला, सोड क्लच. गाडी जागची हलेना. घरघरायची आणि बंद पडायची. उस्ताद ओरडले, रेस दे! चाचींनी दिली. गाडी बेडकासारखी उडाली आणि न्हाव्याच्या टपरीवर गेली. कुणाला लागलं नाही, पण आरसा फुटला. चार जवान दाढी करायला बसले होते, त्यांच्यादेखत उस्ताद म्हणाले, “उतर. तुझं काम नाही हे.” चाची उतरल्या आणि भर उन्हात चालत घरी आल्या. त्यानंतर स्टीअरिंगला हात लावला नाही.

“तेही सोसलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण हा किस्सा ते प्रत्येक बॅचला सांगायचे. बावीस वर्षं. पोरं हसायची. अदिबानं तर साइटवरही घातला, ‘उस्तादांचे किस्से’ म्हणून. ती लहान होती, तिला काय कळतं.”

त्या साइटच्या जुन्या प्रतीवर तेजस्विनीनंही तो किस्सा वाचला होता, आणि खरं सांगायचं तर हसलीही होती.

“आता का शिकायचंय, चाची?”

“दर महिन्याला त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागतं नाशिकरोडला. रिक्षात बसले की त्या बिचाऱ्याला शिकवत सुटतात, आरसा बघ, गिअर बदल. दोनदा रिक्षावाल्यानं आम्हाला मध्येच उतरवलं. बस त्यांना सोसत नाही. गाडी दारात शे आणि आम्ही दुसऱ्याची वाट बघतो.” मग म्हणाल्या, “लर्निंग लायसन्स काढून ठेवलंय मी चार महिन्यांपूर्वी. शिकवणारं कोणी मिळेना. काल तू दारात आलीस.”

तेजस्विनीनं दिवस मोजले. “चाची, आधी नाव सोडवून घेऊ या का? एकोणीस दिवसच राहिलेत. शिकवणं काय, पुढेही चालू राहील.”

“आधी क्लच,” चाची म्हणाल्या. “मग ओटीपी.”

सौदा ठरला. रोज चार ते सहा अब्बासचाचा बाजारात मित्राच्या घड्याळाच्या दुकानात बसायचे. त्या वेळात तेजस्विनी बाजूच्या गल्लीतून चाचींना घेऊन भगूरच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याला जायची.

पहिले तीन दिवस चाचींचे हात स्टीअरिंगवर असे आवळलेले असायचे की बोटं पांढरी पडत. क्लच सोडायची वेळ आली की त्या डोळे मिटून घ्यायच्या. तेजस्विनीनं असल्या पुष्कळ बायका पाहिल्या होत्या. भीती गाडीची नसते. कोणीतरी शेजारी बसून ओरडणार, याची असते. म्हणून ती शेजारी बसून ओरडायची तर नाहीच, उलट भाजीचे भाव, जावा-नणंदा, असल्या गप्पा काढायची. चौथ्या दिवशी बोलता बोलता चाचींनी गाडी पहिल्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि स्वतःच दचकल्या.

“जमनं!” त्या ओरडल्या. “जमनं ना गं?”

“जमलं की! डोळे उघडे ठेवा तेवढे.”

“माहेरी बैलगाडी हाकायचे मी. कांद्यानं भरलेली. त्याला कुठे होता क्लच.”

आठवडाभरात चाची तिसऱ्या गिअरवर आल्या. मग म्हणाल्या, आता आमच्या मारुतीवर शिकव, चालवायची तर तीच आहे. तेजस्विनीनं आधी नको म्हटलं, कारण ती घरची गाडी, तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता. पण शेडमधून गाडी काढून, फिरवून, सहाच्या आत पुन्हा झाकून ठेवायचा उद्योग दोघींनी सुरू केला. सीट पुढे ओढायचं, आरसा खाली करायचा, आणि परत येताना सगळं होतं तसं करायचं.

नऊ दिवस राहिले असताना घात झाला. नाशिकरोडकडे जाणाऱ्या लॅमरोडला चढावर गाडी बंद पडली. मागे एसटी, तिच्या मागे ट्रक, आणि सगळ्यांनी एका सुरात भोंगे धरले. एक मोटारसायकलवाला काचेशी येऊन म्हणाला, “आजी, घरी बसा ना.” चाचींनी स्टीअरिंग सोडून दिलं. तेजस्विनीनं जागा बदलून गाडी घरी आणली. गेटाशी चाची म्हणाल्या, “ते म्हणाले होते ते बरोबर होतं. माझं काम नाही हे. उद्या येऊ नको.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

“सहा दिवस राहिले,” समाधान म्हणाला. “निदान ओटीपीचं तरी बोल त्यांच्याशी.”

तेजस्विनी चिडली ती समाधानवर नाही, स्वतःवर. कारण आपणही सकाळी उठल्यावर पहिला हिशेब दिवसांचाच केला होता, चाचींचा नाही, हे तिचं तिला माहीत होतं. साडेचारला ती कॅम्पात पोचली. चाची ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. तिला पाहून त्यांनी कनवटीचा फोन काढून पुढे केला.

“घे. करून टाक तुझं काम. तू मेहनत घेतलीस, वाया नको जायला.”

नाव हातात आलं होतं. तेजस्विनीनं फोन मेथीच्या ढिगावर ठेवून दिला.

“मला नाव हवंय, चाची. खोटं बोलत नाही. पण आज त्याच्यासाठी आले नाही. आधी क्लच, असं तुम्हीच म्हणाला होता.”

“माझ्याच्यानं नाही होत गं.”

“चढावर सगळ्यांची बंद पडते. माझी तर लायसन्सच्या टेस्टला पडली होती, दोनदा. साहेबांसमोर रडले होते मी.”

चाचींनी वर पाहिलं. “खरंच रडलीस?”

“नाक पुसायला त्यांनीच कागद दिला.”

चाचींना हसू फुटलं. त्यांनी मेथीची टोपली आत ठेवली आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या दिवशी दोघींनी एकच केलं: त्याच चढावर जाऊन अकरा वेळा गाडी थांबवली आणि अकरा वेळा उचलली. आठव्या वेळेपासून ती बंद पडली नाही.

चार दिवसांनी अब्बासचाचांची दवाखान्याची तारीख होती. मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरणार होते. सकाळी दहाला चाचा स्वच्छ पांढरा सदरा घालून गेटाशी रिक्षाची वाट बघत उभे राहिले. शेडमधून मारुती निघाली आणि त्यांच्यापुढे येऊन थांबली. चालवणारीच्या शेजारी तेजस्विनी बसलेली होती.

“बसा मागे,” सितारा चाची म्हणाल्या.

चाचा दार चाचपत आत बसले. काही विचारलं नाही, आश्चर्य दाखवलं नाही. फक्त म्हणाले, “ब्रेक आता नीट लागतात ना?”

“म्हणजे?” चाचींनी मागे वळून पाहिलं.

“गेल्या आठवड्यात महेश मेकॅनिकला बोलावून बदलून घेतले. तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा.” ते खिडकीबाहेर तोंड करून बोलत होते. “मी रविवारी गाडी चालू करून बघतो, बॅटरी उतरू नये म्हणून. सीटवर बसलो तर गुडघे स्टीअरिंगला लागले. आठ दिवसांपूर्वी. माझ्या घरात एवढ्या आखूड पायांचं दुसरं कोण आहे?”

घाईत दोघींकडून एक दिवस सीट मागे सरकवायची राहून गेली होती.

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू सोडून दिलं असतंस.”

चाचींनी पुढे पाहिलं, पहिला गिअर घातला आणि गाडी गल्लीबाहेर काढली. कॅम्पचा बाजार, बसथांबा, मग लॅमरोड. मागच्या सीटवर उस्ताद दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. गिअर उशिरा पडला की त्यांचा डावा पाय आपोआप दाबला जायचा, पण तोंडातून शब्द नाही. चढ आला, पुढे टेम्पो थांबला, गाडी थांबली. आणि उचललीही, हूं की चूं न करता. विहितगाव गेलं. दवाखान्याच्या दारात गाडी जरा तिरकी लागली, एवढंच.

डॉक्टरांनी तपासलं, आहे ती नजर टिकून आहे म्हणाले, थेंब चालू ठेवायला सांगितले. परत निघाल्यावर अर्ध्या वाटेत चाचा अचानक म्हणाले, “सितारा, त्या दिवशी हँडब्रेक ओढलेला होता.”

“कोणत्या दिवशी?”

“टपरीच्या. मीच ओढला होता, पूर्ण खाली करायला विसरलो. तू चालत गेलीस आणि मी गाडी काढायला बसलो तेव्हा दिसलं. म्हणून हलत नव्हती. तुझी काही चूक नव्हती.”

चाचींनी आरशात पाहिलं, डावीकडचा इंडिकेटर दिला, गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे.

“पंचवीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “आणि वर किस्सा सांगत होतात.”

“सांगता सांगता मलाच तो खरा वाटायला लागला होता,” चाचा खाली मान घालून म्हणाले. “नंतर कबूल करायची लाज वाटायची. उस्ताद म्हणायचे ना लोक.”

“उतरा.”

“आं?”

“उतरा म्हणते ना. पोरी, तू पण उतर, त्यांचा हात धर.”

तेजस्विनीनं एकदा चाचींकडे आणि एकदा पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता सरळ होता, रिकामा होता, आणि चाचींच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. दोघं उतरली. शेजारी शिकवणारं कोणी नसताना गाडी चालवायची त्यांना परवानगी नव्हती, पण ते बोलेपर्यंत मारुती शंभर पावलं पुढे गेली होती. मऊ, एका लयीत, दुसऱ्या गिअरवर.

चाचा कान देऊन ऐकत होते. “एकटी आहे ना आत?”

“एकटी.”

“क्लचवर पाय नाही ठेवत,” ते म्हणाले, आणि त्यांच्या मेंदीरंगल्या दाढीवर हसू पसरलं. “तुमच्यापेक्षा बरी चालवते.”

उन्हातून दोघं हात धरून चालत गेली. पुढे रसवंतीच्या सावलीत गाडी उभी होती आणि बाकावर चाची बसल्या होत्या. समोर उसाच्या रसाचे तीन ग्लास. त्यांचे डोळे ओले होते, पण त्या हसत होत्या.

“एवढंच चालवलं तुम्हाला. मी तर घरापर्यंत चालले होते,” त्या म्हणाल्या. “बर्फ घालू का?”

“घाल,” चाचा म्हणाले. “आणि माफ कर.”

“प्या आधी.”

तिथेच बाकावर बसून चाचींनी अदिबाला फोन लावला. आई गाडी चालवत दवाखान्यात गेली हे तिला तीनदा सांगावं लागलं; मग ती पलीकडून रडायला लागली, मग हसायला, आणि मग कामाला लागली. चाचींच्या फोनवर सहा आकडे आले, त्यांनी ते सावकाश, एकेक सुटा करून वाचून दाखवले. दोन दिवस राखून शिकागाडी डॉट इन परत आलं. तेजस्विनीच्या नावावर व्हायला मात्र पुढचे काही आठवडे लागले, कारण अब्बासचाचांनी होकार देताना आता स्वतःची अट घातली. साइटवर किस्सा पुन्हा जायला हवा. पण पुरा. हँडब्रेकसकट.

“ते नको,” चाची म्हणाल्या.

“तू हसणं सोसलंस बावीस वर्षं. आता माझ्यावर हसू दे लोकांना.”

यावर दोघांचं आठवडाभर वाजलं. तेजस्विनी दोन्हीकडून फोन घेत राहिली. शेवटी ठरलं की किस्सा चाचींनी सांगायचा, चाचांनी मध्ये बोलायचं नाही, आणि तेजस्विनीनं तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. चाचा मध्ये बोललेच, चार वेळा. तेही तिनं उतरवून घेतलं.

चाची लायसन्सच्या पहिल्या टेस्टला नापास झाल्या, गाडी मागे घेताना. दुसऱ्यांदा पास झाल्या, आणि कार्ड हातात पडलं त्याच रविवारी दोघं मारुती घेऊन मखमलाबादला आली. कॅम्पपासून नाशिक ओलांडून, इतक्या लांब, तेजस्विनीशिवाय पहिल्यांदाच. डब्यात शीरखुर्मा होता. चाची पुढे, चाचा शेजारी, सीट मागे ढकलून ऐसपैस. समाधाननं खुर्च्या बाहेर काढल्या. तासभर गप्पा झाल्या, जायची वेळ झाली. चाचींनी आरसा पाहिला, पट्टा लावला, नवऱ्याचा पट्टा लागलाय का तेही ओढून पाहिलं, आणि निघाल्या.

गल्लीच्या टोकापर्यंत उजवा इंडिकेटर विनाकारण लुकलुकत राहिला. तेजस्विनी हाक मारणार होती. पण शेजारी बसलेल्या उस्तादांना त्याची टिकटिक ऐकू येतच असणार, आणि तरी ते गप्प होते, हे लक्षात आल्यावर तिनंही तोंड मिटलं. कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळून दिसेनाशी झाली.